कारणे मेंदूत सापडत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मेंदू आणि इच्छास्वातंत्र्य यांविषयी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला, आणि त्यावर छापून आलेली वाचकांची पत्रेही वाचली. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस विचार करतो म्हणजे त्याच्या मेंदूत काही घडामोडी होतात, त्या निसर्गनियमांनी बांधलेल्या असतात, म्हणून तर्काचे नियम या उत्क्रांतीत उपयोगी पडलेल्या सवयी आहेत आणि ‘मी ठरवले’ हा भास आहे. पत्रलेखकांपैकी बऱ्याच जणांनी याच्या अगदी उलट बाजू घेतली. माणूस स्वतंत्र आहे, कारण आपले नियम तो आपणच ठरवतो. ज्याचे सत्य त्याच्यापाशी. हे पत्र लिहावेसे वाटले ते या दुसऱ्या बाजूमुळे जास्त. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विचार न करताच मान्य केली आहे, ती म्हणजे बांधले जाणे आणि मोकळे असणे एकत्र नांदू शकत नाही. एक म्हणतो आपण बांधलेले आहोत, म्हणून स्वतंत्र नाही. दुसरा म्हणतो आपण स्वतंत्र आहोत, म्हणून कशानेही बांधलेले नाही. माझ्या मते दोघांचे चुकते ते याच ठिकाणी.

मी गणिताची शिक्षिका होते. तत्त्वज्ञानाचे रीतसर शिक्षण मला नाही, पण फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे अनुभव जसा येतो तसा तपासणारी जी विचारपरंपरा, तिचे वाचन मी अनेक वर्षे करत आले आहे, आणि तिच्याकडे मला नेले ते गणितानेच. एडमुंड हुसेर्ल (१८५९–१९३८) हा तिचा प्रवर्तक मुळात गणिती. बर्लिनमध्ये तो वायरश्ट्रास या थोर गणितज्ञाचा साहाय्यक होता. १८९१ मध्ये त्याने अंकगणिताच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिले. संख्येची कल्पना मोजणाऱ्या मनाच्या व्यापारांतून कशी उभी राहते, हे त्यात तो शोधत होता. १८९४ मध्ये फ्रेग या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने त्यावर कडक टीका केली, की हा माणूस तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र यांची सरमिसळ करतो आहे. या टीकेमुळे हुसेर्लचे मत किती बदलले यावर अभ्यासक अजून वाद घालतात, त्यात मी पडत नाही. मात्र १९०० मध्ये ‘तार्किक अन्वेषणे’ या ग्रंथाचा पहिला खंड आला, तेव्हा त्याच सरमिसळीविरुद्धचा सर्वांत सविस्तर युक्तिवाद हुसेर्लच्याच लेखणीतून उतरला होता. आपल्या पुरवणीतल्या लेखाला त्याच्याइतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही.

परस्परविरुद्ध दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हा नियम घ्या. तो मेंदूच्या किंवा मनाच्या स्वभावाचा नियम असता, तर त्याचा अर्थ ‘परस्परविरुद्ध दोन समजुती एका डोक्यात एकत्र राहू शकत नाहीत’ असा झाला असता. पण त्या राहतात. माणसे असे रोज करतात. म्हणजे मनाविषयीचे वर्णन म्हणून हा नियम सरळ खोटा ठरतो, आणि तरीही नियम म्हणून तो जागचा हलत नाही, कारण तो मनाबद्दल बोलतच नाही; तो सत्याबद्दल बोलतो. हुसेर्लने आणखी एक उदाहरण दिले आहे, आणि आजच्या काळात तर ते जास्तच लागू पडते. हिशेबाच्या यंत्रातून अचूक उत्तर बाहेर येते. ते यंत्र कसे चालते हे सांगताना आपण यंत्रशास्त्राचे नियम सांगतो, अंकगणिताचे नाही. उत्तर बरोबर आहे की नाही हे मात्र फक्त अंकगणितच सांगू शकते. चाके फिरण्यामागचे नियम कितीही बारकाईने अभ्यासले, तरी त्यांत ‘बरोबर’ हा शब्द कुठे आढळणार नाही.

हे मी वर्गात रोज पाहिले. अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, असे एखादा मुलगा वहीत लिहितो. मधले दोन अब त्याच्या हातून सुटतात. आता त्या क्षणी त्याच्या मेंदूत जे घडले ते निसर्गनियमांना धरूनच घडले. एकाही पेशीने पदार्थविज्ञान मोडले नाही. शेजारच्या मुलीने बरोबर विस्तार लिहिला, तिच्याही मेंदूत नेमके तेवढेच नियमबद्ध काहीतरी घडले. कारणांच्या साखळीच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे सारख्याच योग्यतेची आहेत. मग चूक कुठे आहे? मेंदूच्या संपूर्ण नकाशात ती दाखवता येणार नाही. ती दिसेल फक्त अ आणि ब यांच्याकडे पाहिल्यावर, म्हणजे ते मूल ज्याविषयी विचार करत होते त्या गोष्टीकडे पाहिल्यावर. लेखकाने स्वतः आपले मत पटवण्यासाठी प्रयोग सांगितले, निष्कर्ष काढले, आक्षेपांना उत्तरे दिली. वाचकाने ते मान्य करावे अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि ती त्यांच्या मेंदूत काही घडले म्हणून नव्हे, तर त्यांचे म्हणणे खरे आहे म्हणून. ही अपेक्षा रास्तच आहे. पण ती त्यांच्या सिद्धान्तात कुठेच बसत नाही.

इथपर्यंत अनेक जण येतात आणि मग घाईने दुसऱ्या टोकाला जातात, की विवेकाचे निकष कुठल्यातरी वरच्या लोकात टांगलेले आहेत आणि आपण ते फक्त स्वीकारायचे. फिनॉमिनॉलॉजी मला जवळची वाटते ती ती या टोकाला जात नाही म्हणून. तिचे सांगणे असे, की हे निकष आपल्या अनुभवाच्या घडणीतच असतात. अनुभव नीट तपासा. कुठलीही वस्तू पाहताना आपल्याला तिची एकच बाजू दिसते, पण आपण ‘बाजू’ पाहत नाही, वस्तू पाहतो. न दिसणाऱ्या बाजूंविषयी आपण नकळत काही धरून चालतो, आणि ते धरलेले पुढे खरे ठरते किंवा फसते. हुसेर्लचे प्रसिद्ध उदाहरण मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातले आहे. जिन्यावर एक अनोळखी स्त्री हसून हाताने बोलावताना दिसते, आणि पुढच्याच क्षणी कळते की हा मेणाचा पुतळा आहे. इथे बाहेरून कोणी नियम लादलेला नाही. पहिल्या पाहण्यानेच एक दावा केला होता, आणि पुढच्या पाहण्याने तो मागे घ्यावा लागला. म्हणजे ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांचा उगम सिद्धान्तात नाही, शिक्षणात नाही. साध्या पाहण्यातच आपण चुकू शकणारे, आणि म्हणून बरोबरही असू शकणारे, असे प्राणी आहोत.

मॉरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या आपल्या ग्रंथात हे शरीरापर्यंत नेले. चित्र पाहताना आपण मागेपुढे सरकतो. फार जवळ गेलो की रंगांचे फटकारे उरतात, फार दूर गेलो की तपशील हरवतो. मध्ये कुठेतरी एक अंतर असते जिथून ते चित्र स्वतःला नीट दाखवते, आणि आपले पाय ते अंतर शोधत असतात. हे अंतर आपण ठरवलेले नसते, तरी ते सक्तीचेही नसते. विवेकी निकषाचे इतके साधे, इतके आधीचे रूप मला अन्यत्र सापडलेले नाही.

आता स्वातंत्र्य. पहिल्या काही विषम संख्यांची बेरीज नेहमी पूर्ण वर्ग येते: एक आणि तीन चार, त्यात पाच मिळवले की नऊ, त्यात सात मिळवले की सोळा. हे मी फळ्यावर लिहिले की वर्ग पटकन माना डोलवायचा. एका वर्षी एका मुलीने मान डोलवायला नकार दिला. दहा वेळा जमले म्हणून अकराव्या वेळी जमेलच कशावरून, असे तिने विचारले. मला तिचा फार आदर वाटला. मग मी ठिपक्यांचा एक चौरस काढला आणि त्याच्या उजव्या कडेला ठिपक्यांचा एक स्तंभ, खाली एक ओळ आणि कोपऱ्यात एक ठिपका वाढवला. चौरसाची बाजू कितीही असो, वाढलेले ठिपके तिच्या दुपटीहून एकाने जास्त, म्हणजे नेमकी पुढची विषम संख्या, आणि तयार होणारी आकृती पुन्हा चौरसच. ती मुलगी बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘हो, असंच असणार.’

त्या क्षणी ती बांधली गेली की मोकळी झाली? नकार द्यायला तिला आता जागा उरली नाही, हे खरे. पण माझ्या अधिकाराने, पुस्तकातल्या छापील ओळीने, वर्गाच्या डोलणाऱ्या मानांनी तिला जे बांधू पाहिले होते ते सारे सुटले, हेही तितकेच खरे. तिला एका कारणाने बांधले, आणि ते कारण तिने स्वतः पाहिले होते. इतर मुले माझ्या शब्दावर विसंबून बरोबर निष्कर्षाला पोहोचली होती. निष्कर्ष तोच, पण माझ्या मते त्या तासाला स्वतंत्र असलेली ती एकटीच.

हुसेर्लच्या ज्या हस्तलिखितावर त्याची साहाय्यक एडिथ श्टाइन हिने मेहनत घेतली आणि जे त्याच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापले गेले, त्यात हा फरक त्याने फार काळजीपूर्वक मांडला आहे. भौतिक जगाचा नियम कार्यकारणाचा, तर मनुष्यजगाचा नियम प्रेरणेचा. खोलीतली हवा कोंदट आहे म्हणून मी खिडकी उघडते. इथे हवेतल्या रेणूंनी माझा हात ढकलला, असे वर्णन करता येणार नाही. हवा मला कोंदट जाणवली आणि त्या जाणिवेत खिडकी उघडण्याचे कारण मला दिसले. कारण मला ओढते, पण त्या ओढीला मी थांबवू शकते, तपासू शकते. दुसऱ्यांच्या प्रभावाखाली वाहत न जाता स्वतः पाहून निर्णय घेणे, यालाच तो विवेकाचे स्वातंत्र्य म्हणतो. १९१३ मध्ये त्याने आपली पद्धत मांडली तेव्हाही सुरुवात इथूनच होती: जे आजवर खरे धरले त्यावरचा शिक्का तात्पुरता उचलून ठेवणे हे पूर्णपणे आपल्या स्वातंत्र्याच्या कक्षेत आहे, असे तो म्हणतो. मेंदूतील घडामोडींना मी थांबवू शकत नसेन. पण ‘हे खरे आहे का?’ असे विचारून होकार रोखू शकते. सगळी तर्कबुद्धी या रोखण्याच्या शक्यतेवर उभी आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण ती अधिक मोहक आहे. आपले नियम आपणच निर्माण करतो, या मताचे सर्वांत धीट रूप ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञापाशी आहे. ऑक्टोबर १९४५ मधल्या पॅरिसच्या व्याख्यानात त्याने आपल्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. त्याचा भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता, आणि एकाकी आईला आता याचाच आधार होता. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात सामील व्हावे की आईजवळ राहावे, हे त्याला ठरवता येत नव्हते. सार्त्रने सल्ला दिला तो असा, की तू स्वतंत्र आहेस, निवड, म्हणजेच नवे निर्माण कर. हे वाचताना माझा ऊर भरून येतो, आणि तरीही ते मला पटत नाही. चार्ल्स टेलर या तत्त्वचिंतकाने यातली अडचण नेमकी दाखवली आहे. मूल्ये खरोखरच निवडीतून जन्माला येत असतील, तर त्या मुलापुढे पेच उभाच राहिला नसता. एका बाजूला फुली मारून तो मोकळा झाला असता. त्याला झोप लागत नसेल तर ती यासाठी, की आईचा हक्क आणि मेलेल्या भावाचा हक्क हे दोन्ही त्याने निवडण्याआधीपासूनच त्याच्याकडे काही मागत होते. निर्णय त्याचा होता, पण मागणी त्याने तयार केलेली नव्हती.

मेर्लो-पाँतीने आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण सार्त्रच्या याच कल्पनेला उत्तर देण्यात खर्ची घातले. साथीदारांची नावे सांगावीत म्हणून एखाद्याचा छळ होतो आणि तो तोंड उघडत नाही. हा पोकळीत घेतलेला एकाकी निर्णय नव्हे, असे तो म्हणतो. तो माणूस अजूनही आपल्या साथीदारांबरोबर आहे, लढ्यात आहे. त्याला बळ देणारे हे नाते म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावरची मर्यादा नाही. त्या नात्यामुळेच ‘नाही’ म्हणणे त्याला शक्य होते.

माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून राहिलेला इतिहास मात्र मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा आहे, आणि ‘माझा नियम मी ठरवतो’ असे लिहिणाऱ्या आपल्या वाचकांनी तो जरूर वाचावा. आपला १९२७ चा मुख्य ग्रंथ त्याने गुरू हुसेर्लला आदर आणि मैत्रीपूर्वक अर्पण केला होता. ‘चार लोक म्हणतात म्हणून’ जगण्यातून माणसाला बाहेर खेचणारी सदसद्विवेकाची हाक त्याने ज्या ताकदीने वर्णिली, तिला तोड नाही. १९२९ च्या निबंधात तो लिहितो की सर्व कारणांचे मूळ कारण स्वातंत्र्य आहे. नाझी सत्तेवर आल्यावर एप्रिल १९३३ मध्ये जर्मनीच्या बाडेन राज्यात ज्यू वंशाच्या सरकारी सेवकांना पदावरून दूर करण्याचा हुकूम निघाला. निवृत्त झालेला हुसेर्लही त्यात आला. त्याचा एक मुलगा पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना मारला गेला होता, त्याचाही उपयोग झाला नाही. त्याच महिन्यात हायडेगर त्याच राज्यातल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाला, आणि २७ मे १९३३ च्या भाषणात त्याने सांगितले की स्वतःला स्वतःच कायदा घालून देणे हे सर्वोच्च स्वातंत्र्य आहे. लगेच पुढे म्हणाला की फार गौरवले गेलेले शैक्षणिक स्वातंत्र्य जर्मन विद्यापीठातून हद्दपार केले जात आहे.

अठराव्या शतकातल्या कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नीतिशास्त्रातली सर्वांत उदात्त कल्पना त्या सभागृहात अशा कामी आली. स्वतःचा कायदा स्वतः करणे एवढ्यावरच जर विवेक थांबत असेल, तर त्या भाषणात विवेकाच्या दृष्टीने काहीच उणे नव्हते, असे म्हणावे लागेल. उणे होते ते हे, की तो कायदा कुणालाच उत्तर देण्यास बांधलेला नव्हता: ज्यांना हाकलले जात होते त्यांना नाही, पुराव्याला नाही, ‘हे खरे आहे का?’ या प्रश्नालाही नाही. स्टीव्हन क्रोवेल या अमेरिकन अभ्यासकाने २०१३ च्या आपल्या पुस्तकात हायडेगरच्या १९२७ च्या विवेचनाचा वेगळा अर्थ लावला आहे. सदसद्विवेकाच्या हाकेने माणूस स्वतः जबाबदार होतो, म्हणजेच इतरांना कारणे द्यायला बांधील होतो, असे ते दाखवतात. हा अर्थ मला हायडेगरच्या शब्दांत सापडतो, आणि म्हणूनच १९३३ चे भाषण मला जास्त टोचते. कारणे देण्याची बांधिलकी ज्याच्या ग्रंथात होती, त्याच्या व्यासपीठावरून ती नाहीशी झाली होती.

हुसेर्लने दोन वर्षांनी, मे १९३५ मध्ये, व्हिएन्नात व्याख्यान दिले. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. आपल्याच देशात लिखाण छापणे अवघड झाल्यामुळे त्याच्या शेवटच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३६ मध्ये बेलग्रेडच्या एका नियतकालिकात आला. अशा माणसाने विवेकावरच संशय घेतला असता तर कोणी दोष दिला नसता. पण त्याने सांगितले ते उलटे. संकट विवेकाचे नाही, संकट आहे ते विवेकाला निसर्गातल्या आणखी एका घटनेइतके खुजे करून टाकण्याचे. आणि युरोपचा सर्वांत मोठा धोका त्याने थकव्यात पाहिला. ‘सगळे मेंदूच करतो’ आणि ‘ज्याचे त्याचे सत्य’ ही दोन्ही वाक्ये मी ऐकते तेव्हा मला त्यांत तोच थकवा ऐकू येतो, कारणे मागण्याचा आणि देण्याचा.

एका ठिकाणी मात्र मी हुसेर्लपाशी थांबू शकत नाही. त्याच्या विचारात दुसरा माणूस येतो तो बराच उशिरा, आणि मुख्यतः माझ्यासारखाच जग पाहणारा म्हणून. इमॅन्युएल लेव्हिनास हा तत्त्वज्ञ फ्रायबुर्गमध्ये त्याच्याकडे शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता आणि लिथुआनियातले त्याचे आप्त मारले गेले. १९६१ च्या ग्रंथात त्याने प्रश्नच फिरवला. स्वातंत्र्य स्वतःचे समर्थन स्वतः करू शकत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यापुढे ते स्वैर आणि हिंसक असल्याचे त्याला स्वतःला जाणवते, तिथे नीती सुरू होते. मला हे निम्मे पटते. मी कोणाला उत्तर द्यायला बांधलेली आहे, हे मला समोरचा माणूस दाखवतो. १९३३ मध्ये हायडेगरला नेमके हेच दिसले नाही. पण मी दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे केवळ चेहरा सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा वस्तूकडे, पुराव्याकडे, ठिपक्यांच्या त्या चौरसाकडेच वळावे लागते. त्या मुलीचा प्रश्न मला उत्तर द्यायला बांधत होता, पण प्रश्न विचारणारी ती आहे म्हणून प्रमेय खरे ठरले नाही. या दोन गोष्टींची सांधणी नेमकी कशी होते, हे लेव्हिनासच्या पानांत मला सापडत नाही आणि हुसेर्लच्याही नाही. मी अजून शोधते आहे.

संपादक महोदय, पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असल्याचे जाहीर झाले आहे. त्यात लेखकांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, अशी आपल्यामार्फत विनंती करते. दोन विद्यार्थ्यांच्या मेंदूंचे संपूर्ण वर्णन त्यांच्या हाती आहे, असे क्षणभर धरू. एकाने विस्तार बरोबर लिहिला आहे, दुसऱ्याने चूक. बीजगणिताकडे न पाहता, केवळ त्या वर्णनावरून, त्यांनी चुकलेला विद्यार्थी ओळखून दाखवावा. आणि ‘ज्याचे सत्य त्याच्यापाशी’ असे लिहिणाऱ्या वाचकांनी त्या चुकलेल्या विद्यार्थ्याला आपण काय सांगणार, तेही कळवावे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका